काट्याच्या कंपनीची तडजोड

कारखान्याचा बॉयलर पेटला, चिमणीतून पहिला धूर निघाला, की कोऱ्हाळ्यातल्या लोकांना बरं वाटतं. मला चीड येते. या वयात चिडून काही होत नाही हे कळतं, पण कळूनही येते. मळीचा आंबूस वास दारात आला, सडकेवर उसाच्या गाड्यांची रांग लागली, की नव्वदच्या दशकातला एक हंगाम आठवतो. त्या हंगामात आमच्या घरात उसाचं नाव कमी आणि एका कॉम्प्युटर कंपनीचं नाव जास्त निघालं. ती कंपनी आमच्यातल्या कुणीही पाहिलेली नव्हती. तिचा मालक पाहिला नव्हता, तिच्यावर दावा लावणारा पाहिला नव्हता, दावा जिथं चालला होता ती दिल्लीही पाहिली नव्हती. तरी अख्खा हिवाळा आमची माणसं एकच विचारत बसली होती. तडजोड होणार का?

कंपनीचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. आम्ही तिला काट्याची कंपनी म्हणायचो. कारखान्याच्या वजनकाट्यावर पूर्वी एक माणूस दांडीवरचं वजन सरकवायचा आणि पावती हातानं लिहायचा. मग तिथं कॉम्प्युटर बसला. गाडी काट्यावर चढली की किरकिर आवाज करत कागद बाहेर यायचा, त्यावर वजन छापलेलं. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या कागदाचं फार कौतुक. गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही इथं आबाच लिहिते. आबा तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवायचे आणि पारावर उघडून दाखवायचे. पुढं कुणीतरी सांगितलं की त्या कंपनीचे शेअर मिळतात. आबा म्हणाले, "आपल्या काट्यावर हाय म्हंजे कंपनी पक्की." एवढ्या विचारावर त्यांनी शेअर घेतले.

पैसे मेंढरांचे होते. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत आमच्यात मोठा कळप होता. कॅनॉलचं पाणी आलं, ऊस झाला, चरायला रान उरलं नाही. कळप कमी होत होत राहिली ती मी सांभाळायची. शेवटी तीही विकली. विकली याचं मला दुःख नव्हतं. मेंढराला खरूज होते, पाय सडतात, पावसात रात्रभर खोकतात. ज्यांनी कधी राखली नाहीत त्यांनीच त्यांच्या आठवणीनं गहिवरावं. माझं म्हणणं एवढंच होतं, की त्या पैशाचा रस्ता घ्यायचा.

रस्ता म्हणजे दगडूतात्यांची पट्टी. आमचं रान आत आहे. सडक आणि रान यांच्या मधे तात्यांची चिंचोळी पट्टी, तिच्यातूनच आमची गाडी जायची. तात्यांनी कधी अडवलं नाही. पण माणूस चांगला आहे म्हणजे रस्ता आपला आहे असं होत नाही. उद्या ती पट्टी दुसऱ्यानं घेतली आणि पेरली, तर आमचा ऊस डोक्यावर मोळ्या वाहून सडकेला आणावा लागणार. ऊसतोडीचे टोळीवाले तसल्या रानात यायला कुरकुरतात. मेंढरं विकली तेव्हा तात्या पट्टी विकायला तयार नव्हते. आबा म्हणाले, "तवर पैसा वाढू दे की." वाढणाऱ्या गोष्टीला कोण नको म्हणतं?

दिवाळी झाली, कारखाना सुरू झाला आणि पेपरात आलं की काट्याच्या कंपनीवर दावा लागलाय. कंपनीच्या मालकाचा जुना भागीदार फिर्यादी. त्याचं म्हणणं असं, की ही कंपनी आपलं मशीन घेणाऱ्याला दुसरीकडं जाऊच देत नाही. दुरुस्ती हिचीच, कागद हिचाच, शाईची फीतही हिचीच, आणि सगळ्याचा दर ही म्हणेल तो. याला मक्तेदारी म्हणतात, ती मोडण्यासाठी दिल्लीत आयोग आहे, आणि आयोगानं कंपनीला नोटीस काढलीय. शेअरचा भाव लगेच खाली आला.

आबांचे चुलतभाऊ नामदेवराव आमच्याकडं पेपर वाचून दाखवायचे. त्यांनीही तेच शेअर घेतलेले. ते वाचत होते आणि मी भाकरी थापत ऐकत होते. मला वाटलं, हे तर ओळखीचं आहे. त्या काळी झोनबंदी होती. ज्या कारखान्याच्या हद्दीत रान, त्याच कारखान्याला ऊस घालायचा, असा सरकारी नियम. शेजारचा जास्त भाव देत असला तरी तिकडं गाडी न्यायची नाही. त्या नियमावर आबा आणि नामदेवराव पारावर बसून तास तास बोलायचे. आम्ही काय गुलाम हाय का, म्हणायचे. आणि तसल्याच बंदीवर चालणाऱ्या कंपनीत पैसे घालून बसले होते. मी हे बोलून दाखवलं. नामदेवराव म्हणाले, "वैनी, ते येगळं."

मार्गशीर्षात दगडूतात्या घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "आबा, पट्टी काढायची हाय. पोराचं चिंचवडात घराचं चाललंय. शेजारी म्हणून पयला मान तुमचा."

मी आतून बाहेर आले. इतक्या वर्षांनी तोंडातून निघालेली गोष्ट, पुन्हा निघेल न निघेल.

आबा म्हणाले, "घेतो की. फकस्त जरा थांबा तात्या. कंपनीची तडजोड झाली की एकरकमी देतो."

"कुठली कंपनी?"

"काट्याची. दिल्लीला दावा चाललाय."

"मग तिचा आन् माज्या पट्टीचा काय संबंध?"

मी मोठ्यानं हसले. आबांनी माझ्याकडं रागानं बघितलं. तात्या बिचारे खरंच विचारत होते. आबांनी त्यांना शेअर, भाव, दावा सगळं समजावलं. तात्यांनी मान हलवली, कळलं काहीच नसावं. उठताना म्हणाले, "माघ सरंस्तवर थांबतो. पुढं जमायचं न्हाय."

तात्या गेले तशी मी म्हणाले, "उद्या बारामतीला जा आन् विका."

"पडत्या भावात कोण विकतं?"

"ज्याला गरज हाय त्यो विकतो. मेंढरू काढताना तुमी भाव चढायची वाट बघत व्हता? घरात नड हाय का, एवढंच बघत व्हता."

"आगं, ते मेंढरू. हे शेअर हायती."

"मेंढरू लोकर तरी द्यायचं."

त्या दिवशी विकले असते तर पट्टी आली असती. वर काही उरलं नसतं, पण पट्टी आली असती. आबांना पट्टीही पाहिजे होती आणि वर ट्रॅक्टरही पाहिजे होता. तडजोड झाली की दोन्ही येणार होतं.

आणि तडजोड होणारच, याची त्यांना खात्री होती. ती कुठून आली ते सांगते. कंपनीच्या मालकाच्या मुलीचं माघात लग्न असल्याचं पेपरात कुठंतरी आलं होतं. आता आमच्याकडं बांधावरून भाऊकीत कितीही वैर असो, कोर्टात तारखा चालू असोत, घरात लग्न निघालं की ते मिटवावं लागतं. पहिली अक्षत भाऊकीला द्यायची असते. भाऊकी रुसलेली असताना मांडव घातला तर लोक नावं ठेवतात. म्हणून लग्नाच्या आधी चार माणसं बसतात, दोन्हीकडच्यांना थोडं थोडं सोडायला लावतात, मारुतीपुढं नारळ फोडतात आणि वैर संपतं. मी स्वतः असे चारपाच नारळ फुटताना पाहिलेत. हिशेब आबांनी असाच केला. जुना भागीदार म्हणजे भाऊकीच. लग्न माघात. म्हणजे पौषात नारळ.

मी चष्म्यासाठी एकदा बारामतीला गेले तेव्हा आबा आणि नामदेवरावांबरोबर सुभाषशेठच्या दुकानात बसले. भिगवण रोडला शेठचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान. मागच्या खोलीत फोन, तिथं शेअरचं काम चालायचं. खोलीत आमच्यासारखीच माणसं. कुणी द्राक्षवाला, कुणी मास्तर, कुणी एसटीतला. सगळ्यांचं लक्ष फोनवर, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसल्यासारखं.

"शेठ, नारळ कवा फुटनार?" नामदेवरावांनी जाताच विचारलं.

"कसला नारळ?"

आबांनी अक्षतीचं सगळं सांगितलं. शेठ पोट धरून हसले. "आबा, कंपन्यांत भाऊकी नसते. वकील असतात."

"वकील लग्नाला जेवाय येत न्हाईत व्हय?"

खोली हसली. एक द्राक्षवाला म्हणाला, "आबा म्हणत्यात त्यात तथ्य हाय. लेकीच्या लग्नात कोर्टाचा माणूस दारात आला तर व्याही काय म्हणंल?" मास्तरांनी मान हलवली. बघता बघता सगळी खोली व्याह्याच्या अब्रूची काळजी करायला लागली. तो व्याही कोण, कुठला, हे एकालाही ठाऊक नव्हतं.

मी म्हणाले, "ह्यो नारळ फुटंस्तवर तात्या थांबनार हाय का?"

शेठनं मला चहा मागवला.

मला त्या खोलीत सगळ्यांत जास्त काय खटकलं, ते नंतर घरी आल्यावर कळलं. मेंढरांच्या बाजारात भाव रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात, बोलत नाहीत, बोटं दाबून आकडा सांगतात. आबा त्यात पक्के. समोरच्याचा हात घामेजला की ओळखायचे, हा अडलाय, हा आणखी वर जाणार. त्या खोलीत धरायला हातच नव्हता. एक फोन होता, आणि फोनच्या पलीकडं कोण आहे ते शेठलाही माहीत नसावं. तरी आबा तिथं तसेच बसायचे, डोळे बारीक करून, जणू कुणाच्या तरी तळव्याचा घाम त्यांना लागत होता.

तो सगळा पौष असाच गेला. एक दिवस पेपरात यायचं, दोन्ही बाजूंची बोलणी सुरू. त्या दिवशी आबा दोन भाकरी जास्त खायचे. दुसऱ्या दिवशी यायचं, कंपनीचे वकील म्हणतात शेवटपर्यंत लढू. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त व्हायचं. भाव चढला तर म्हणायचे आणखी चढेल, उतरला तर म्हणायचे आता कसं विकू. म्हणजे विकायचा दिवस कुठलाच नव्हता. आमच्या रानात तोड आली, टोळी उतरली, पाचटाचा धुरळा उडायला लागला. गाड्या कशा लावायच्या ते विचारायला टोळीचा मुकादम दारात आला. "मालक कुठं हायती?" मी म्हणाले, "दिल्लीला." त्याला ते खरंच वाटलं आणि तो परत गेला. आबा मागच्या दारी रेडिओ कानाला लावून बसले होते.

गाड्या मीच लावल्या. तात्यांच्या पट्टीतून भरलेली गाडी निघायची तेव्हा चाक मातीत रुतायचं, बैल फुरफुरायचे, गाडीवान शिव्या द्यायचा आणि गाडी एकदाची सडकेला लागायची. प्रत्येक गाडीला मला वाटायचं, ही माती आपली होऊ शकते. बारामतीला एक चक्कर मारली तरी होऊ शकते.

माघात मी धाकट्या बहिणीकडं पळसदेवला गेले. तिचं घर उजनीच्या पाण्याच्या कडेला. पाणी उतरायला लागलं की तिथलं जुनं बुडालेलं देऊळ वर येतं, पहिल्यांदा शिखर दिसतं. यंदा कधी दिसणार यावर तिथली माणसं चहाच्या पैजा लावतात. मेहुण्यांनी मला विचारलं, "काय म्हणतीया तुमची कंपनी?" म्हणजे आमच्या घरची गोष्ट इंदापूर तालुक्यापर्यंत गेली होती. बहिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आक्का, पुरुषमाणसाला दम पाहिजे, तू घाई करतीस." मी म्हणाले, "घाई मी न्हाय करत, माघ करतोय." मग आम्ही दोघी काठावर जाऊन बसलो. तिथले पैजवाले मला बरे वाटले. हरले तर चहा पाजायचा आणि घरी जायचं. देऊळ दिसेपर्यंत कुणी पेरणी अडवून ठेवत नव्हतं.

परत आले तर कंपनीच्या मालकाच्या मुलीचं लग्न होऊन गेलं होतं. पेपरात फोटो आला होता. नामदेवराव भिंग घेऊन फोटोवर वाकलेले, आबा त्यांच्या खांद्यावरून बघत होते.

"काय बघताय?"

"जुना भागीदार आलाय का बघतोय."

"वळखणार कसा? तुमी बघितलाय का त्याला?"

नामदेवरावांनी भिंग हळूच खिशात घातलं. लग्नाला मंत्री होते, उद्योगपती होते, भागीदार होता की नव्हता हे देवाला माहीत. तडजोड झालेली नव्हती. भाऊकी रुसलेली असतानाही लग्न थाटात झालं होतं.

माघ सरला. तात्या आले. या वेळी चहा नको म्हणाले. "आबा, मी थांबलो व्हतो," एवढंच बोलले. पट्टी पलीकडच्या वस्तीवरच्या रंगनाथनं घेतली. व्यवहार सरळ झाला, कुणी कुणाला फसवलं नाही. मला भांडायलाही जागा राहिली नाही. समोर खोटा माणूस असला म्हणजे निदान शिव्या तरी देता येतात.

होळीच्या आधी नामदेवराव पळत आले. हातात पेपर, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. "आबा, झाली! तडजोड झाली!" कंपनीनं आयोगापुढं लिहून दिलं होतं. इथून पुढं दुरुस्ती कुणीही करावी, कागद कुणाचाही वापरावा. जुन्या भागीदारानं दावा मागं घेतला. आबा उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. माणूस आयुष्यभर ज्या गोष्टीत शहाणा आहे असं स्वतःला सांगतो, ती एकदा जगासमोर खरी ठरावी, तसं. पहिला पेढा त्यांनी मला दिला. मी खाल्ला. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मलाही वाटलं, रंगनाथला थोडे जास्त देऊन पट्टी मागता येईल.

दुपारी दोघं बारामतीला गेले. संध्याकाळच्या एसटीनं परत आले. आबांनी पायातल्या चपला काढल्या त्यावरूनच मला कळलं.

भाव सकाळी चढला होता आणि दुपारपर्यंत, कधी पडला नव्हता इतका पडला होता. शेठनं त्यांना सांगितलं, की तडजोड होणार हे बाजारानं आधीच भावात धरलं होतं. आता ती कशी झाली हे बघितलं जात होतं. कंपनीची खरी कमाई मशीनमध्ये नव्हतीच. ती दुरुस्तीत आणि कागदात होती, आणि तेच तिनं तडजोडीत सोडून दिलं.

"मी इचारलं शेठला," आबा म्हणाले. "म्हनलं, आमी बरुबर वळखलं का न्हाय? त्यो म्हनला, बरुबर वळखलं. म्हनलं, मग चुकलं कुठं? त्यो म्हनला, तुमी वळखलं ते सगळ्यांनीच वळखलं व्हतं."

मी त्यांना पाणी दिलं. बोलायला माझ्याकडं भरपूर होतं.

आजही मला त्यांच्या हावेचा राग येत नाही. हाव सगळ्यांना असते, मला नाही का? राग याचा येतो, की तडजोड म्हणजे काय हे आबांना आमच्या गावात कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तडजोडीत दोन्हीकडच्यांना काहीतरी सोडावं लागतं. चार माणसांत बसून त्यांनी कितीजणांना बांध सोडायला लावला होता. मग कंपनी काय सोडणार, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. नारळ कधी फुटणार तेवढं विचारत राहिले. आणि स्वतःला मात्र पडलेल्या भावातला एक पैसा सोडवेना.

त्या तडजोडीनं आमच्या भागाचं भलंच झालं, तेही सांगायला हवं. बारामतीतल्याच एकानं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलं, कारखान्याला काट्याची दुरुस्ती स्वस्तात पडायला लागली. कारखाना सभासदांचा, म्हणजे आमचाही. फिर्यादीचं म्हणणं खरंच होतं. मला तो माणूस मनातून पटलेला होता, पण त्याच्या विरुद्ध आमची मेंढरं बांधलेली होती, हे कुणाला सांगायचं?

शेअर पडून राहिले. ती कंपनी पुढं दुसऱ्या कंपनीत गेली, दुसरी तिसरीत. आता नातसून मोबाइलवर शेअरचे भाव बघते, भाजी चिरता चिरता अंगठ्यानं वरखाली सरकवते. मला दाखवायला येते. मी बघत नाही. ती नोकरी करते, तिचे पैसे आहेत, बघू दे तिला.

रंगनाथ वाईट निघाला नाही. पट्टीत त्यानं कांदा केला, एका कडेनं गाडीपुरती जागा सोडली. पण ती त्यानं सोडलेली जागा आहे. दर हंगामाला तोड आली की विचारायला जावं लागतं. आबा एकदाही गेले नाहीत. मला पाठवायचे. म्हणायचे, "बाईमाणसाला कोन न्हाय म्हनत न्हाय." ते जाऊन बरीच वर्षं झाली, रंगनाथही गेला. जाणं मात्र माझ्याकडंच राहिलं.

परवा टोळी येणार म्हणून काल संध्याकाळी गेले. रंगनाथची बायको हौसा ओसरीवर कांद्याचं रोप निवडत होती.

"हौसा, परवा गाडी काढायची हाय."

"काकू, दरसाली काय इचारताय? न्या की!"

"इचारल्याबगार कशी नेऊ?"

"तुमी बी ना. बसा, चहा टाकते."

"नगं. लेकाला सांगून ठेव."

"सांगते की. त्यो काय न्हाय म्हनतोय व्हय?"

चांगली बाई आहे. तोंडभरून 'न्या की' म्हणते, आणि तिचं ते 'न्या की' मला सोसत नाही. अडवलं असतं तर मी भांडले असते, तहसीलला गेले असते, पाय दुखेपर्यंत खेटे घातले असते. देणाऱ्याशी काय भांडायचं? मान हलवायची आणि निघायचं.

घरी आले तर गाडीवान दारात थांबला होता.

"काकू, मिळाला का रस्ता?"

"मिळाला."

"कायमचा?"

"यंदापुरता," मी म्हणाले, आणि आत जाऊन चूल पेटवली.